पंगतीत पिकेट

नीलांबरी गेल्याचं शिकागोजवळच्या नेपरव्हिलमध्ये कळलं ते मार्चच्या पहिल्या शनिवारी, आणि तेही बेसबॉलमुळे. एकनाथराव आदल्याच दिवशी पुण्याहून परतले होते. बॅगा दारातच पडल्या होत्या, बाहेर ड्राइव्हवेवर बर्फ तसाच होता, आणि सौमित्रचा फोन आला.

"काका, काकू आहेत का? ड्राफ्टची तारीख ठरवायचीय."

"नाहीये ती."

"बाहेर गेल्यात? कधी येतील?"

एकनाथरावांना आडून सांगता येत नसे. "ती जानेवारीत गेली. पुण्यातच. हार्टचं दुखणं होतं."

सौमित्र चाचरत म्हणाला, "सॉरी काका. आम्हाला काहीच... मी ड्राफ्ट कॅन्सल करतो."

"कॅन्सल करू नकोस. तिच्या जागी मी येतो."

जाणं भागच होतं. दवाखान्यात नीलांबरीने त्यांना एकच काम सांगितलं होतं. "मार्चच्या ड्राफ्टमध्ये पिकेट आपल्याकडे आला पाहिजे. आणि तो आपल्याला हवाय, हे कोणाला कळू द्यायचं नाही." ते म्हणाले होते, "तू आहेस ना."

लीग आठ जणांची. खरे बेसबॉल खेळाडू ड्राफ्टच्या दिवशी आपसांत वाटून घ्यायचे आणि मोसमभर ते मैदानावर जे करतील त्याचे गुण आपल्या संघाला धरायचे, एवढाच खेळ. पहिल्या वर्षी प्रत्येकाने आपापले खेळाडू निवडले आणि त्यावरून दोन जण एकमेकांशी बोलेनासे झाले. तेव्हा नीलांबरीने नवी पद्धत काढली. पंगत. सगळ्यांनी जमिनीवर गोल बसायचं, पुढ्यात कागदी ताट. मधे एका पातेल्यात खेळाडूंच्या नावांच्या चिठ्ठ्या, जितक्या लागतील तितक्याच. स्वतःच्या ताटात कोणी काही घ्यायचं नाही. आपण उजव्या हाताच्या माणसाला वाढायचं, आपल्याला डावीकडचा वाढणार. "नको" म्हणायची मुभा पूर्ण ड्राफ्टमध्ये तीनदाच. नाकारलेली चिठ्ठी परत पातेल्यात जायची; तीन संपले की पडेल ते खायचं.

साहजिकच जो तो शेजाऱ्याच्या ताटात दगडधोंडे वाढायचा. हवा तो खेळाडू मिळवायचा एकच मार्ग होता. तो आपल्याला अजिबात नको, असं शेजाऱ्याला पटवून द्यायचं. नीलांबरी यात पटाईत होती. वॉल्ट पिकेट हा चाळिशी उलटलेला डावखुरा पिचर, म्हणजे आपला बोलर म्हणा. चेंडू इतका हळू टाकायचा की लीगमधला शंतनू म्हणायचा, "यार, याचा बॉल पोचेपर्यंत माझी गाडी शिकागोला पोचेल." पण तो कधी आजारी पडत नसे, कधी फुकटची धाव देत नसे आणि दर पाचव्या दिवशी न चुकता उभा राहत असे. ते फक्त नीलांबरीने पाहिलं होतं. दरवर्षी ती कपाळाला हात लावून म्हणायची, "हा म्हातारा तेवढा नको गं बाई," आणि दरवर्षी सगळे हसत तो तिच्याच ताटात टाकायचे. मोसम संपल्यावर तेच लोक म्हणायचे, "पिकेट गळ्यात असूनही काकू दुसऱ्या आल्या. कमाल आहे." ती घरी येऊन एकनाथरावांना हे सांगायची आणि जेवताना मधेच एकटी हसायची.

ड्राफ्ट सौमित्रच्या बेसमेंटमध्ये होता. एकनाथरावांच्या डावीकडे हिमानी बसली, सौमित्रची बायको. उजवीकडे खुद्द सौमित्र. म्हणजे हिमानी त्यांना वाढणार आणि ते सौमित्रला. आधी दोन मिनिटं सगळे गप्प उभे राहिले. मग बसल्याबसल्या एकनाथरावांनी पाठ केलेलं वाक्य म्हटलं.

"हिमानी, बाकी काहीही वाढ. तो म्हातारा पिकेट तेवढा नको."

हिमानीचे डोळे भरून आले. "नाही वाढणार काका. आम्ही कालच ठरवलंय. इतकी वर्षं काकूंना तो दिला, आम्हाला लाज वाटते हो. यंदा तुमच्या ताटात तो येणार नाही म्हणजे नाही."

सगळ्यांनी माना हलवल्या. एकनाथराव पुरते अडकले. खरं सांगावं तर नीलांबरीची इतक्या वर्षांची चलाखी उघडी पडत होती, आणि न सांगावं तर काम होत नव्हतं.

पहिल्याच फेरीत हिमानीने त्यांना लीगमधला सगळ्यात मोठा फलंदाज वाढला.

"नको," एकनाथराव म्हणाले. चांगले नाकारले की वाईट येतील, असा त्यांचा हिशेब.

"काका, संकोच करू नका." तिने दुसरा वाढला. तो पहिल्याच्या तोडीचा होता.

"नको."

"काकांच्या घशाखाली काही उतरतच नाहीये," पलीकडून शंतनू हळू आवाजात म्हणाला. "चांगला पिचर दे एखादा."

हिमानीने चांगला पिचर दिला. तिसरा "नको"ही गेला. मग जो चौथा आला तो मुकाट्याने घ्यावा लागला. पुढे फेरीमागून फेरी तेच. हिमानी पातेल्यात हात घालून निवडून निवडून वाढत होती आणि एकनाथराव कसनुसं तोंड करून घेत होते.

"आम्ही काय खायचं मग?" शंतनूने एकदा विचारलं. हिमानीने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने पुन्हा तोंड उघडलं नाही.

पिकेटची चिठ्ठी पातेल्यात तशीच होती. तिला कोणी हात लावत नव्हतं. काकूंचा म्हातारा शेजाऱ्याच्या ताटात टाकून हसणं आज कोणालाच जमत नव्हतं. अखेर दोनच चिठ्ठ्या उरल्या. एक पिकेटची आणि एक अशा पिचरची, ज्याचा खांदा आठवड्यापूर्वीच निखळला होता.

"काका, सॉरी," हिमानी म्हणाली. "पण त्या म्हाताऱ्यापेक्षा हा बरा." आणि तिने निखळलेला खांदा त्यांच्या ताटात ठेवला.

उरलेला पिकेट एकनाथरावांनी स्वतःच्या हाताने सौमित्रला वाढायचा होता. पण त्यांना एक नियम आठवला. शेवटचं नाव नाकारलं गेलं तर वाढणाऱ्याने आपल्या ताटातलं एक देऊन ते स्वतः घ्यायचं. संध्याकाळभरात पहिल्यांदाच ते जरा सरसावून बसले.

"सौमित्र, तुझा एक 'नको' बाकी आहे."

"असू दे काका."

"अरे, नको म्हण."

"नाही म्हणणार."

"पिकेट आहे तो. संघ बुडेल तुझा. माझं ऐक, नको म्हण."

"बुडू दे. काकूंनी इतकी वर्षं सोसला, मी एक वर्ष नाही सोसू शकत?"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. एकनाथरावांनी पिकेट वाढला.

मोसम सुरू झाला. एकनाथरावांचा संघ पहिला, दुसरा सौमित्रचा. मे महिन्यात त्यांनी फोन केला. "पिकेट मला दे. माझा सगळ्यात चांगला फलंदाज घे."

"काका, अशी दया नका करू. पिकेट असूनही मी सेकंड आहे, चाललंय ठीक."

"दोन फलंदाज घे."

यावर सौमित्रने फोन ठेवला आणि हिमानीला सांगितलं की काकांचं काही खरं नाही. दुसऱ्या दिवशी हिमानी आमटीचा डबा आणि मन मोकळं करायला एका काउन्सिलरचा फोन नंबर घेऊन दारात उभी राहिली.

एकनाथरावांनी तिला बसवलं, चहा केला आणि शेवटी सगळं खरं सांगून टाकलं. नीलांबरीला पिकेट हवाच होता. ती नाटक करायची. तुम्ही सगळे दरवर्षी फसत होतात. गेली त्याच्या आधी तिने मला हेच एक काम सांगितलं.

हिमानीने ऐकून घेतलं. मग रुमालाने डोळे पुसले.

"काका, किती मोठं मन आहे तुमचं. आम्हाला वाईट वाटू नये म्हणून एवढं सगळं रचून सांगताय."

"रचून नाही. खरं आहे."

"हो काका," ती म्हणाली, आणि आमटी गरम करायला उठली.

अदलाबदल जुलैअखेरपर्यंत करता येते. पिकेट अजून सौमित्रकडेच आहे.