बसऱ्याचं सूप

ता. २१ डिसेंबर १९५२, रविवार. पहाटे दाट धुकं. आठ वाजता ओट्यावर ऊन आलं, पण त्यात ऊब नव्हती. बादलीत हात घालवत नव्हता.

त्या दिवशी मी सूप करायचं ठरवलं. (बावीस वर्षांच्या संसारात ज्याला चहापलीकडे काही जमलं नाही, आणि तो चहाही बायको आधी चाखून मगच पाहुण्यांपुढे ठेवते, त्याने असलं काही ठरवू नये. पण ठरवलं.)

कारण बापूजी, म्हणजे माझे वडील, जन्मभर मागावर लुगडी विणणारे कोष्टी. माय (मैना तिचं नाव) दिवाळीच्या आधी गेली आणि तेव्हापासून त्यांचं जेवण उतरत चाललं होतं. मी रोजनिशी ठेवतो, त्यात याचीही नोंद आहे : नोव्हेंबरात एक भाकर, पुढे अर्धी, आणि त्या आठवड्यात चतकोर, तीही पाण्यात भिजवून. डॉक्टरांनी छाती तपासली, जीभ पाहिली आणि म्हणाले, "रोग काही नाही. खायला घाला." जणू आम्ही त्यांना उपाशी ठेवलं होतं.

माझ्या बायकोने, चंद्रकलेने, सगळे पदार्थ करून पाहिले. शुक्रवारी ती थकून म्हणाली, "बापूजी, तुमाले खावंसं तरी काय वाटते ते सांगा. आभाळातून आणीन."

बापूजी बंद पडलेल्या मागाकडे पाहत होते. म्हणाले, "बसऱ्याले खाल्लं होतं ते सूप."

हे सूप आमच्या घरात सर्वांना ठाऊक होतं. पहिल्या महायुद्धात बापूजी मजुरांच्या पलटणीतून इराकातल्या बसऱ्याला गेले होते. तिथल्या कडाक्याच्या थंडीत एका गोऱ्या साहेबाने त्यांना जवळ बसवून मसुरीच्या डाळीचं सूप वाढलं, त्यात सॉसेज होते. माय मागाशेजारी बसून कांडीवर सूत भरता भरता विचारायची, "कसं लागे जी ते?" बापूजी धोटा थांबवून, डोळे मिटून चव सांगायचे. मी नऊ वर्षांचा असल्यापासून हे ऐकत आलो.

शनिवारी मी आमच्या टपाल कचेरीतल्या वयस्कर शिपायाला, देवरावांना, गाठलं. तरुणपणी ते कामठीच्या छावणीत खानसाम्याच्या हाताखाली होते.

"सॉसेज म्हणजे नेमकं काय, देवराव?"

"आतडं धुवाचं, खिमा ठासाचा, चार-चार बोटांवर दोऱ्यानं आवळाचं. साहेब डुकराचं खात. तू बकऱ्याचं कर."

"आवळायचं कसं?"

"कोष्ट्याच्या पोराले दोरा बांधाचं मी शिकवू का गा?"

हे वाक्य ते बोलले नसते तर पुढचं बरंचसं टळलं असतं.

रविवारी सकाळी मी मसूर, कांदे, गाजरं, खिमा आणि आतडी आणली. आतडी साफ करणं आमच्यासारख्या घरात नवं नाही. चंद्रकलेने ती पांढरीशुभ्र करून दिली आणि चुलीपाशी हात बांधून बसली.

"मसाला किती वाटू?"

"वाटायचा नाही. मीठ आणि मिरे."

"तिखट?"

"नाही वं."

"तेलाची तर्री?"

"नाही."

"मंग बापूजी लढाईवर गेले होते का दवाखान्यात?"

खिमा भरायला नरसाळं लागतं. घरात एकच होतं, कंदिलात घासलेट ओतायचं. ते मी राखेने तीनदा घासलं. (चौथ्यांदा घासायला हवं होतं.) खिमा भरला, पण बांधायच्या वेळी सुतळीचे केस निघून त्यावर चिकटू लागले. दोरा शोधत मी मागाच्या खोलीत गेलो. कोनाड्यात एक भरलेली कांडी होती. धोट्यात बसवायची ती बारीक नळी, तिच्यावर जांभळं सूत. मी आठ हात सूत सोडवून घेतलं आणि अशा गाठी मारल्या की देवरावांनी पाहायला हव्या होत्या. सहा सॉसेज झाले.

डाळ शिजली, सॉसेज आत सोडले, घड्याळ लावून वीस मिनिटं थांबलो आणि झाकण काढलं.

सूप जांभळं झालं होतं. (या रंगाला बापूजी गिऱ्हाइकांपाशी पक्का म्हणत. गिऱ्हाइकांनी लुगडी मसुरीत उकळून पाहिली नव्हती.)

चंद्रकलेने पातेल्यात पाहिलं, मग माझ्याकडे. "सूत कोठून घेतलं तुमी?"

"कोनाड्यातून."

ती खाली बसली. "ते सासूबाईनं भरलेली शेवटची कांडी होती. बापूजी कोणाले हात लावू देत नाहीत. तुमाले दिसलं नाही का कधी? रोज सकाळी उठले का आधी तिले पाह्यतात."

मला दिसलं नव्हतं. अकरा वर्षं मी रोज हवा कशी आहे ते लिहितो आहे.

गाठी कापून दोरे काढले, गाजराचे तुकडे वर आणले, वाटी सावलीत धरली. तरी रंग तो रंग.

"त्यांची नजर अधू झाली आहे," मी म्हटलं.

"कोष्ट्याची नजर रंगाले अधू होते काय?" चंद्रकला म्हणाली. "द्या नेऊन. आलीच मी मागून."

बापूजी ओट्यावर घोंगडी पांघरून बसले होते. त्यांनी वाटी हातात घेतली, उन्हाकडे कलती केली आणि बराच वेळ पाहिलं.

"मैनाची कांडी घेतली."

"हो, बापूजी. मला माहीत नव्हतं."

"किती गेलं?"

"आठ हात."

मला वाटलं, आता वाटी अंगावर येईल. आली असती तर बरं वाटलं असतं. मग त्यांनी सुपात बोट बुडवून जिभेला लावलं. मी कृती लिहून ठेवायला वही-पेन्सिल घेऊनच बसलो होतो, म्हणून विचारलं, "बसऱ्याला असंच लागत होतं का?"

"मले काय माहीत गा."

"म्हणजे?"

"मी कुठं खाल्लं? मी भांडे घासत होतो तिथं. एक डाव डेगीच्या बुडाचं बोटानं काढून तोंडाशी नेलं, तं हवालदारानं हातावर काठी मारली. वास तेवढा आला."

"मग मायला रोज सांगत होता ते?"

"तुही माय इथं तुमा पोराईले घेऊन कण्या खाऊन राह्यली होती. मी आलो तं दारातच इचारलं, तुमाले जेवाले तरी बरं भेटे ना जी? भांडे घासले म्हणून सांगू का तिले? सूप सांगितलं. मंग तिले ते गोष्ट आवडली. दर हिवाळ्यात इचारे." ते वाटीकडे पाहत राहिले. "आता वर भेटली का पह्यले तेच इचारन. चमचा दे इकडं."

चंद्रकला दारात उभी होती. ती आत चुलीकडे गेली. चुलीत विस्तव चांगला होता, तरी बराच वेळ फुंकणीचा आवाज येत राहिला.

बापूजींनी सावकाश सगळी वाटी संपवली आणि एक सॉसेजही खाल्ला. चावून चावून, परीक्षेला बसल्यासारखा.

"कसं आहे?" मी विचारलं.

त्यांनी खूप विचार केला. "वाईट आहे गा," ते म्हणाले. "मी तिले सांगत होतो ते लय चांगलं होतं."

उरलेले पाच सॉसेज मी दोन दिवसांत संपवले. सोमवारी बापूजींनी अर्धी भाकर खाल्ली, मंगळवारी अर्धी, बुधवारी पुन्हा चतकोर. गुरुवारी सकाळी मी त्यांना म्हटलं, आज परत सूप करतो. गुरुवारी, मी पातेलं चढवायच्या आत, एक पूर्ण भाकर.