बिनपरवाना झिंगे

घाटनांदुरात आमचे शेजारी तात्या यांच्याकडे जायचं, तर आधी चप्पल काढून दारातल्या घमेल्यात पाय बुडवावे लागतात. घमेल्यात विहिरीत टाकतात ते लाल औषध कालवलेलं असतं.

"रोग पायानं येतो, पावनं. बुडवा!"

एवढा बंदोबस्त कशासाठी? तर परसातल्या सिमेंटच्या टाकीतल्या मूठभर झिंग्यांसाठी. तात्या माळकरी. झिंगा खाणं सोडाच, विकायचंही नाव नाही. धरणावर मासळी खात्यात चौकीदार असताना त्यांनी एका साहेबाच्या तोंडून ऐकलं होतं, की जिवंत झिंगे ठेवायला परवाना लागतो, नाहीतर एका पाण्याचा रोग दुसऱ्या पाण्यात जातो. साहेबाची बदली झाली. वाक्य तात्यांपाशी राहिलं.

नवा झिंगा आणला की तो पंधरा दिवस काकूंच्या पितळी घंगाळात वेगळा राहतो. काकू आता नाहीत, त्यामुळे हरकत घेणारं कोणी नाही. लेक पुण्यात. एकदा मी झाडांना टाकीतलं बादलीभर पाणी मागितलं.

"ते पानी फाटकाभाईर जानार न्हाई."

"काहून तात्या? कोन बघतंय?"

"झिंगे बघत्यात."

निवडणुकीत एक उमेदवार आले. तात्यांनी घमेलं पुढे सरकवताच त्यांना वाटलं, आपली पाद्यपूजा आहे. त्यांनी डोळे मिटून हात जोडले. कार्यकर्त्यांनी फोटो काढले. तात्यांनी त्यांचे पाय घोट्यापर्यंत घासून दिले. आठवडाभर उमेदवार औषधाच्या डागांनी तपकिरी झालेल्या पायांनी मतं मागत हिंडले आणि पडले. तात्यांना त्याचं काही नव्हतं. "झिंगे लई खुशाल हायत," म्हणाले.

परवाना मात्र येईना. अर्जांवर अर्ज झाले. शेवटी तात्यांनी जाहीर केलं, "यंदा न्हाई भेटला तर टाकी मोडतो. बिनपरवान्याचं आपन ठिवनार न्हाई."

मागच्या महिन्यात मासळी खात्याच्या तरुण बाई जीपमधून उतरल्या. तात्यांनी इस्त्रीचा सदरा घातला होता, सकाळपासून चिवडा तळला होता. मलाही साक्षीला बसवलं होतं. बाईंनी निमूट पाय बुडवले, टाकी पाहिली आणि हसून म्हणाल्या, "तात्या, घरच्या टाकीला परवाना लागतच नाही. खुशाल ठेवा. आता आम्हाला यायचंही कारण नाही."

मी टाळी द्यायला हात पुढे केला. तात्यांनी तो पाहिलाच नाही.

"मंजी तपासनी?"

"नाही."

"सालातून एकदा बी न्हाई?"

"नाही हो."

"बरं," तात्या म्हणाले, आणि चिवड्याची ताटली उगाच पुसायला लागले.

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग परसातल्या एकुलत्या एक दोरीवर वाळणाऱ्या एका सदऱ्याकडे आणि एका धोतराकडे. त्या पुन्हा टाकीवर वाकल्या आणि बोट दाखवून गंभीरपणे म्हणाल्या, "तो कडेचा झिंगा मला जरा सुस्त वाटतोय. पुढच्या महिन्यात येऊन बघावं लागेल."

झिंगा त्या वेळी टाकीभर उड्या मारत होता.