इज, हॅज आणि बायडाबाईची शेळी

शिनोलीच्या शाळेत इंग्रजी शिकवणाऱ्या ज्ञानेश्वर सरांनी घोडेगावच्या प्रशिक्षणात एक नवी गोष्ट ऐकली. पुस्तकातली वाक्यं बाजूला ठेवा, मुलांनी लिहिलेली वाक्यं जमवा, नाव झाकून फळ्यावर मांडा आणि चुका मुलांनाच शोधू द्या. सरांना हे मनापासून पटलं. त्यांना पटलेल्या बहुतेक गोष्टी पुढे अंगाशी आल्या होत्या, पण स्वभावाला औषध नसतं.

आठवीच्या निबंधांतून त्यांनी वाक्यं निवडली. फळ्यावर पहिलंच आलं, ‘माय मदर इज व्हाइट गोट.’ खाली नाव नव्हतं. पण गावात पांढरी शेळी एकट्या बायडाबाईकडे होती. अख्खा वर्ग तिच्या पोरीकडे, अंजनाकडे वळला आणि मागच्या बाकावरून कोणीतरी ‘बें’ केलं.

चूक वर्गाला लगेच सापडली. ती तिथेच संपायची, तर मधल्या सुट्टीत हापशावर गेली आणि संध्याकाळपर्यंत गावभर झाली. बायडाबाई पाण्याला निघाली की पोरं मागून ‘बें बें’ करत. दळण घेऊन गेली, तर गिरणीवाल्या गेणभाऊनं विचारलंच, “दळाण कशाला? पाला संपला व्हय?” अंजना शाळेत येईनाशी झाली.

शेवटी बायडाबाईच शाळेच्या दारात येऊन उभी राहिली.

“सर, मी शेळी हाय का?”

“नाही हो. तिथं ‘इज’ नको, ‘हॅज’ पाहिजे होतं. म्हणजे, आईकडे शेळी आहे.”

“‘हॅज’ असतं तर मी माणूस ऱ्हायले असते?”

“हो.”

“येवढ्याशा शब्दानं?”

व्याकरण इतकं निर्दय असतं, हे प्रशिक्षणात कोणी बोललं नव्हतं.

“चूक माझी झाली, बायडाबाई. उद्या पोरीला पाठवा. सगळ्यांदेखत वाक्य नीट करतो.”

तिनं डोक्यावरचा पदर ओढला आणि ती घराकडे निघाली.

दुसऱ्या दिवशी अंजना आली. सरांनी फळाभर मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘माय मदर हॅज अ व्हाइट गोट.’ कोणी हसलं नाही.

“आता बरोबर ना, अंजना?”

“न्हाई, सर.”

“का गं?”

“शेळी परवाच्या बाजारात इकली. ती दिसली की पोरं आयला लई चिडवायची.” ती फळ्याकडे बघत राहिली. “‘हॅड’ पायजे.”

सरांनी तळहातानेच ‘हॅज’ पुसलं. वर्गाने खाली माना घालून वाक्य उतरवून घेतलं.

भूतकाळ खरं तर दिवाळीनंतर शिकवायचा होता.