चार बोटांची खूण

बस्त्यावला नटीचा फोटो दाखवा. ती कोण, कुठली, हे तो विचारत नाही. उजव्या हाताची चार बोटं जोडून तो तिच्या डाव्या गालावर ठेवतो, वर बघतो आणि म्हणतो, “खूण खंय?” म्हणजे, खूण कुठे? फोटो मोबाइलवर असो, पेपरात असो, नाहीतर भिंतीवरच्या पोस्टरवर. एकदा किराणा दुकानातल्या साबणाच्या जाहिरातीला त्याने अशीच बोटं लावली. दुकानदार म्हणाला, अरे, साबण विकणाऱ्या बाईला खूण कशाला? बस्त्यावने शांतपणे सांगितलं, की उद्या हिलाच तडिता करतील, तेव्हा आत्ताच बघून ठेवलेलं बरं.

तडिता आमच्या तरुणपणच्या कॉमिकमधली. वेधशाळेत काम करणारी मुलगी. अंगावर वीज पडूनही ती मरत नाही, पण डाव्या गालावर कानापासून हनुवटीपर्यंत चार बोटं रुंद, भाजल्याची खूण राहते. ती खूण तापली की तिच्या अंगात ताकद येते. तिच्यावर आजवर तीन सिनेमे निघाले आणि तीन नट्या झाल्या. त्यातली खरी तडिता कोण, हा वाद मालवणात बंद पडलेल्या टॉकीजच्या पायऱ्यांवर दर रविवारी चर्चमधली मिस्सा सुटल्यावर सुरू होतो आणि जेवणाची वेळ झाली की अर्धवट थांबतो. बस्त्याव त्याच टॉकीजचा ऑपरेटर होता. टॉकीज गेली, पायऱ्या राहिल्या, बस्त्यावही राहिला.

गजा शिंपी दुसरीच्या बाजूचा. “ती सोता उडी मारता,” तो म्हणतो. “तिच्या जाग्यार दुसरो कोण नाय.”

“माकडय सोता उडी मारता,” बस्त्याव म्हणतो. “खूण खंय?”

दुसरीच्या गालावर खूण दोनच बोटं होती आणि तीही केसांनी झाकलेली. तिसरीला तर नुसती चंदेरी रेघ काढली. त्याला बस्त्याव पेन्सिलीचो चरो म्हणतो. तो सिनेमा बघून आल्यावर त्याने पुठ्ठ्यावर आपला पंजा ठेवून चार बोटं आखली, कापली आणि ‘मापासाठी’ असं लिहून निर्मात्याला रजिस्टर पोस्टाने पाठवली. उत्तर आलं नाही. बस्त्यावचं म्हणणं, पुठ्ठा पोचला असणार, लाजेने गप्प बसले.

मी पहिलीच्या बाजूचा, म्हणजे बस्त्यावच्या. आणि त्यापायी मी जे भोगलं ते या पायऱ्यांवरच्या कोणीही भोगलेलं नाही.

मी नारळाचा व्यापारी. सायकलच्या कॅरिअरवर पोती बांधून सुरुवात केली. आचऱ्यापर्यंतचे बागायतदार मला ओळखतात ते भाव पाडणारा आणि डोक्याने गरम म्हणून. पण मी शब्द फिरवला किंवा खोटं बोललो, असं कोणी म्हणणार नाही. कणकवली सोडून. पहिला सिनेमा आला तेव्हा कणकवलीच्या एका बड्या व्यापाऱ्याच्या मुलीशी माझी सोयरीक ठरत होती. चहा चालू होता. कोणीतरी सिनेमाचा विषय काढला. मी म्हटलं, तडिता शेवटपर्यंत खूण घेऊन लढते. व्यापारी हसला. म्हणाला, शेवटी डॉक्टर तिचा गाल स्वच्छ करतो आणि मग नायक तिच्या गळ्यात हार घालतो. मी म्हटलं, चुकीचं. मी चार वेळा बघितलाय. तो म्हणाला, कणकवलीत सगळ्यांनी बघितलाय. मी हातातली बशी जमिनीवर आपटली. सोयरीक तिथेच मोडली. डोळ्यांनी बघितलेलं जो खोटं सांगतो, तो नारळ मोजताना काय करत असेल, असं तो व्यापारी बाजारभर सांगत फिरला. पुढे माझं लग्न दुसरीकडे झालं, संसारही बरा झाला. पण कणकवलीत माझं नाव आजतागायत खोटारडा. माझी खात्री होती की खोटं ते बोलतात. त्यांची अख्खी कणकवली.

मालवणात मात्र मला कोणी खोटं म्हटलं नाही. इथे ज्याने ज्याने तो सिनेमा बघितला, त्याने खूण शेवटपर्यंत बघितली होती.

बस्त्यावला खुणेचं वेड का, हे विचारायची गरज कोणाला पडत नसे. त्याची बायको फिलूबाय लग्नानंतर दोन वर्षांनी स्टोव्हच्या भडक्यात सापडली. डावा गाल, कान, मान. पुढे बाहेर पडू लागली तीही पहाटेच्या मिस्सेपुरती; डोक्यावरून पदर ओढून यायची आणि उजाडायच्या आत घरी जायची. पायऱ्यांवर तिचं नाव कोणी काढत नसे.

गेल्या वर्षी तो पहिला सिनेमा कोणीतरी मोबाइलवर फुकट टाकला. मी गोदामात नारळांच्या ढिगावर बसून बघितला. शेवटी डॉक्टर आला. पट्टी सुटली. गाल कोऱ्या ताटासारखा. मग हार.

मी तसाच उठून बस्त्यावच्या अंगणात गेलो आणि ओरडायला तोंड उघडलं. त्याने माझ्या तोंडावर हात ठेवला. माझ्या तोंडावर हात ठेवणारा माणूस तोवर जन्मला नव्हता. दंडाला धरून त्याने मला विहिरीमागे नेलं.

“मी कापलंय,” तो म्हणाला. “शेवटचो तुकडो. रिळांची पेटी कणकवलेक धाडताना परत जोडून दिलंय.”

का, म्हणून मी विचारलं.

“वर्सभर ती घराभायर पडली नव्हती. मी कॉमिकां हाडून दिलंय, ती वाची. मगे एक दिवस म्हणाली, ह्या पिक्चराक येतंय. मी आदी चालवून बघलंय. तोंड साफ झाला, तेवाच तो हार घालता. तां तिका दाखवू?”

फिलूबाय तो सिनेमा मालवणात होता तेवढे दिवस रोज तीनच्या खेळाला आली होती. खिडकीतून पडद्यावर प्रकाश टाकणारा नवरा वर, ती खाली.

मला दया आली असती, पण माझी तीस वर्षं गेली होती. मी माझ्या पद्धतीने सौदा घातला. येत्या मंगळवारी, बाजाराच्या दिवशी, कणकवलीत यायचं आणि त्या व्यापाऱ्यासमोर, चार माणसांत, हे जसंच्या तसं सांगायचं.

“सांगतंय,” तो म्हणाला. “पण फिलू आसा तोपर्यंत नको. गजाली फिरान तिच्या कानार येतली. मागसून तू म्हणशीत त्या मंगळवारी.”

फिलूबायला पोटाचं दुखणं लागलंय आणि ते बरं होणारं नाही, हे मला ठाऊक होतं. तरी मी म्हटलं, बायकोच्या मरणाचा वायदा घालून माझ्याशी सौदा करतोस? मी निघून आलो. पुढचे पाच महिने मी त्या पायऱ्यांकडे फिरकलो नाही.

फिलूबाय गेल्याचं कळलं तेव्हा दुपार होती. गोव्याहून तिच्या भाच्या येऊन पोचल्या होत्या. त्यांनी मायेनेच तिला तयार केलं होतं. पांढरी साडी, हातात रोझरी. चेहऱ्यावर क्रीम आणि पावडर इतकी जाड की डावा गाल उजव्यासारखा दिसत होता. बायका हळू आवाजात म्हणत होत्या, बघ गो, किती बरी दिसता.

बस्त्याव आतून आला. शवपेटीजवळ उभा राहिला. मग त्याने उजव्या हाताची चार बोटं जोडली आणि तिच्या डाव्या गालावर ठेवली.

“खूण खंय?”

भाच्या एकमेकींकडे बघू लागल्या.

“खूण खंय?” त्याने पुन्हा विचारलं, पहिल्यापेक्षा हळू.

मी मोरीत गेलो, तांब्याभर पाणी घेऊन आलो आणि खिशातला रुमाल त्यात भिजवून त्याच्या हातात दिला. त्याने कानापासून सुरुवात केली. प्रोजेक्टरची काच पुसावी तसा, न घासता, तो पुसत गेला. सगळे उभे राहून बघत होते. इतक्या वर्षांत तो गाल आम्ही उजेडात पहिल्यांदाच बघत होतो. हनुवटीपर्यंत आल्यावर त्याने बोटं पुन्हा लावून बघितली आणि रुमाल मला परत केला.

माती देऊन झाल्यावर सिमेतेरीच्या फाटकाशी तो माझ्यासाठी थांबला होता.

“शब्द दिल्लंय,” तो म्हणाला. “खंयच्या मंगळवारी येव कणकवलेक?”

“कित्याक?” मी म्हटलं. “शेवटाक खूण होती. मी सोता बघलंय.”

त्याने माझ्याकडे बघितलं.

“चार बोटां,” तो म्हणाला.

“चार बोटां,” मी म्हटलं.