ब्रेडचं शटरिंग

सुपरवायझर निवृत्त झाले आणि घरात बांधकाम सुरू झालं. म्हणजे घर होतं तसंच होतं, देखरेख तेवढी नवी होती. आयुष्यभर इमारतींवर गवंडी, सिमेंट आणि ओळंबा सांभाळलेल्या माणसाला रिकामं बसवेना. बायको बाहेरच्या खोलीत शिवणकाम करायची. हात मागे बांधून ते तिच्या मशीनमागे उभे राहू लागले. "ही शिवण सरळ नाही गं." एकदा त्यांनी एका गिऱ्हाइकाच्या झग्याला खरोखरच ओळंबा लावून पाहिला, तेव्हा तिने कात्री खाली ठेवली.

"अहो, काहीतरी छंद लावून घ्या. आजच्या आज."

त्यांनी ओव्हन आणला आणि तिच्या कापड बेतायच्या टेबलावर ठेवला. कारण विचारलं तर म्हणाले, घरात तेवढीच एक जागा समतल आहे. ओव्हनबरोबर ब्रेडसाठी जांभळ्या सिलिकॉनचा साचा आला होता. न चिकटणारा, न गंजणारा, चिरगुटासारखी घडी घालता येणारा.

पहिले काही ब्रेड कबुतरांनीही नाकारले. टेबल गेलेलं, जमिनीवर बसून कापड बेतायचं, वर हे. बायकोने निकाल लावायचं ठरवलं.

"रविवारी वन्सं येतायत. त्यांनी तुमचा ब्रेड खाल्ला तर ओव्हन राहील. नाही खाल्ला तर माझा भाऊ घेऊन जाईल. त्याच्या चहाच्या दुकानाला हवाच आहे."

"ताई? अगं, शाळेत गणित शिकवायची तेव्हा तिने मला कधी पास केलं नाही. सख्ख्या भावाला!"

"म्हणून तर."

रविवारी सुपरवायझर तयारीला लागले. साच्यात पीठ भरून त्यांनी तो दोन्ही हातांनी उचलला. साचा मधोमध वाकला आणि झोपलेल्या पोरासारखा त्यांच्या खांद्यावर कलला.

"त्याच्याखाली ट्रे घ्या," मशीनवरून आवाज आला.

"ट्रे घेतला तर खालून आच कशी लागणार? जाळीवरच ठेवायचा."

जाळीवर ठेवला. पीठ फुगू लागलं, तशा साच्याच्या मऊ भिंती बाहेर झुकू लागल्या. सुपरवायझर काचेपुढे वाकले. काँक्रीट ओतताना फळ्यांचं शटरिंग ढिलं राहिलं की भिंतीला पोट येतं, आणि पोट आलेली भिंत त्यांनी उभ्या आयुष्यात खपवून घेतली नव्हती.

"टेकू पाहिजे!" ते स्वयंपाकघरात धावले. एका बाजूला दगडी खल लावला. दुसऱ्या बाजूसाठी स्टीलचा डबा उचलला.

"त्यात तांदूळ आहेत! भाजून काढताय का?" बायकोने डबा हिसकावला, रिकामा केला आणि परत दिला.

खल जागचा हलला नाही. रिकामा डबा मात्र ब्रेडने हळूहळू ढकलत नेला आणि शेवटी आडवा पाडला. बाहेर आला तो ब्रेड एका अंगाने सरळ, दुसऱ्या अंगाने भरल्या दिवसांचा. बुडाला जाळीचे पट्टे. कडा पांढऱ्याफटक.

"डबा तू रिकामा केलास," सुपरवायझर खोल आवाजात म्हणाले. मग सवयीने त्यांनी एक फडकं ओलं केलं आणि गरम ब्रेडवर पांघरलं.

"हे कशाला?"

"क्युरिंग. स्लॅबवर ओलं पोतं नको? तडे जातील."

तेवढ्यात मेहुणा आला. हातात दोर, खांद्यावर घोंगडी.

"दाजी, ओव्हन थंड झालाय ना? बांधायला घेतो."

"अरे, निकाल तरी लागू दे!"

पाठोपाठ वन्सं आल्या. त्यांनी चष्मा लावला आणि ब्रेडकडे चारी बाजूंनी पाहिलं.

"बाळ्या, हे काय आहे?"

"ब्रेड, ताई."

"कुठून सुरू होतो?"

मेहुण्याने दोराची गाठ सोडली. वन्संनी पोटाच्या बाजूचा एक तुकडा तोडला, तोंडात टाकला. मग दुसरा घेतला. पोट संपलं, तशा सरळ बाजूकडे वळल्या.

"पुढच्या रविवारी येते," जाताना म्हणाल्या. "असाच कर."

मेहुणा घोंगडी झाडत गेला. सुपरवायझर आठवडाभर जमिनीवर चालले नाहीत. त्यांनी पीठ तोललं, यीस्ट हुंगून पाहिलं, ओव्हनच्या काचेसमोर स्टूल टाकून बसले. मशीनमागे कुणीच उभं राहिलं नाही. त्या आठवड्यात बायकोचे सगळे झगे वेळेवर गेले.

पण पोट आलेल्या ब्रेडवर मिळालेली शाबासकी सुपरवायझरांना डाचत होती. रविवारी त्यांनी जाड पत्र्याचा नवा साचा आणला. ब्रेड असा उतरला की काटकोनाला गुण्या लावून पाहावा. चारी कडा सरळ, वर खरपूस तांबूस कवच. बोटाने वाजवला तर टणटण वाजला. क्युरिंगची गरजच उरली नाही.

वन्संनी तुकडा चावला. थांबल्या. गालाला हात लावला आणि तुकडा हळूच बशीत ठेवला.

"मागच्या वेळी तू ब्रेड केला होतास, बाळ्या. या वेळी बांधलायस."

सुपरवायझरांचा चेहरा उतरला. याही रविवारी दोर घेऊन आलेल्या मेहुण्याने दारातच घोंगडी पसरली.

"थांब रे," बायको उठली. चिंध्यांच्या ढिगाआडून तिने जांभळा साचा काढला. सकाळीच नवऱ्याच्या पिठातला अर्धा गोळा तिने त्यात लपवून ठेवला होता. तो चांगला फुगला होता. "वन्सं, आत बसून चहा घ्या. तोवर होईल."

"अगं, खाली ट्रे तरी—" सुपरवायझर म्हणाले.

"ट्रे नको. खल इकडे, रिकामा डबा तिकडे. आणि फडकं ओलं करून आणा."

"पण तो वाकडा होईल!"

"व्हायलाच हवा. वाकडा तोच मऊ होतो, आणि वन्संनी नवी कवळी बसवलीय," ती दबक्या आवाजात म्हणाली. "मागच्या वेळी तुम्ही ब्रेडकडे बघत होतात, मी त्यांच्या गालाकडे."

"म्हणजे तुला ओव्हन ठेवायचाय?"

"मला तुम्हाला ओव्हनपाशी ठेवायचंय."

आतून वन्संचा आवाज आला, "काय कुजबुज चाललीय? मला सगळं ऐकू येतं. कान माझेच आहेत अजून."

मेहुण्याने बहिणीला विचारलं, "ताई, मग या दोराचं काय करू?"

"ठेवून जा. कपडे वाळत घालायला होईल."

मशीन पुन्हा सुरू झालं. सुपरवायझर स्टुलावर बसले, हात मागे बांधले आणि काचेतून पाहू लागले. डबा सरकला, कलंडला. डोळ्यांदेखत भिंतीला पोट येत होतं, आणि नोकरीला लागल्यापासून पहिल्यांदाच त्यांनी काम थांबवलं नाही.