पटावरील चाळिसावीची हकीगत

आकाशातील बापाचे नाव प्रथम घेतले, मग सांत कातरीन मायेचे, जिचे छत्राखाली ही इगर्ज, म्हणजे ख्रिस्ताचे देऊळ, आणि ही शाळा नांदते, आणि लेखणी हाती धरिली. शके अठराशे एकोणपन्नास, इसवी सन एकोणीसशे सत्तावीस, मास भाद्रपद. ते समयी खाडीकाठच्या या लहान राज्याची मोजदाद झाली ती येणेप्रमाणे: इगर्ज एक; घंटा दोन, पैकी एक तडकलेली; कबुलीची खुर्ची एक; बाप्तिस्म्याचे बुक एक; मातीचे बुक एक; शाळेच्या खोल्या दोन; बाक दहा; काळे फळे तीन; नकाशा एक, त्यातील समुद्र वाळवीने खाल्लेला; हजेरीपटावर मुले चाळीस. डोकी मोजता एकोणचाळीस.

राज्याचे धनी पाद्री गास्पारसाहेब, वय साठ, आवाज थोर, गुडघे अधू. शाळेचा कारभार हेडबाई ब्रिजीतबाई यांजकडे. बाईंना मापण्याचा नाद मोठा. पावसाचे पाणी बरणीत धरून भिंतीवर आकडा लिहीत, आणि सांत कातरीनच्या सणास, मार्गशीर्षाच्या आरंभी, इगर्जीच्या डाव्या खांबाशी एकेक मूल उभे करून त्याच्या उंचीची कोळशाची रेघ त्याच ओढीत, शेजारी नाव आणि साल घालीत. हा रिवाज जुना. याहून जुना रिवाज दुसरा, तो असा की मिठागरांवरील मुले लांबून चालत येत म्हणोन पहिल्या घंटेस निम्मा वर्ग रिकामा असे, मग बाईंनी नाव पुकारावे आणि उत्तर न आले तर साऱ्या वर्गाने एका सुरात म्हणावे, "वाटेवर आहे!" आणि बाईंनी हजेरीची खूण करावी, आणि दुसऱ्या घंटेस ते मूल धापा टाकीत दारात उभे राहावे. आजवर वाटेवरचे कोणी पोहोचले नाही ऐसे झाले नव्हते.

मिठागरावरील फिलोमेन हिची कन्या नातालीन, इयत्ता दुसरी. अडीच वर्षांमागे पौष मासी मामाच्या होडीतून पलीकडल्या तीरावर हळदीस निघाली, मध्यावर होडी कलली, आणि सगळे वर आले, ती आली नाही. आठ दिवस जाळी टाकिली. हाती काही लागले नाही. मग सोमवारी शाळा भरली आणि बाईंच्या जिभेने सवयीने नाव पुकारिले. बाईंनी ओठ चावला, तोवर वर्गानेही सवयीने म्हटले, "वाटेवर आहे!" आणि हाताने सवयीने खूण केली.

ते नाव दुसरे दिवशी खोडावे तर नियम आडवा आला. पटावरील मेलेले नाव खोडणे ते पाद्रीसाहेबांनी तांबड्या शाईने, मातीच्या बुकात नोंद झालियावर. साहेब बोलिले, "प्रेत नाही तर मूठमाती नाही, मूठमाती नाही तर नोंद नाही. मी काय हवेला पुरू?" तेणेकरून नाव राहिले, आणि रोज पुकारिले गेले, आणि रोज उत्तर आले, आणि वर्ष सरता हजेरी पूर्ण म्हणोन नातालीन तिसरीत चढली, मग चौथीत, मग पाचवीत, जी या शाळेची शेवटली इयत्ता.

त्या भाद्रपदात बिशपांची आज्ञा आली की ज्या शाळेच्या पटावर चाळिसाहून कमी मुले ती मोडावी आणि मुले पलीकडल्या तीरावरील मोठ्या शाळेत धाडावी. तपासनीस पंधरा दिवसांत येतील. पलीकडे जाणे म्हणजे होडी, आणि होडी म्हणजे तीच खाडी. पाद्रीसाहेबांनी पट मागविला, बोट लावून चाळीस मोजिले आणि प्रसन्न झाले.

"बाई, देवाची करणी पाहा. एक नाव खोडायचे राहिले आणि राज्य तरले."

"साहेब, ते नाव मेलेलीचे आहे."

"माझ्या बुकात नाही. तपासनिसांनी विचारले तर पोरे काय म्हणतील ते ठाऊक आहे ना?"

"वाटेवर आहे म्हणतील."

"मग? खोटे कोण बोलले?"

 बाई काही दिवसांपासून एक गोष्ट मनात ठेवून होत्या, ती ऐशी. शेवटल्या बाकाचे डावे टोक रोज सकाळी ओले असे. कौले तपासिली, गळती नाही. भाद्रपदातील उघडिपीचे चार दिवस गेले, बरणीत थेंब नाही, तरी टोक ओले. बाईंनी बोट लाविले आणि जिभेला लाविले. खारट. त्या बाकावरील मुले टोकाची जागा सोडून दाटीने बसत. बाईंनी पुसले, "रुझाय, सरकून बस की. भिंतीला का चिकटलास?" तो म्हणाला, "बाई, तिला जागा लागते ना." शेजारची सेबास्तीन म्हणाली, "आणि ती कधी खाडा करत नाही बाई, या रुझायसारखं पोट दुखतं म्हणून!" वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत.

मग बाई इगर्जीत गेल्या आणि डाव्या खांबाशी काठी लाविली. नातालीनची कोळशाची रेघ, सन चोवीस: दोन हात, एक वीत. त्या रेघेवर दोन रेघा आणखी, मधल्या दोन सणांच्या जणू, कोळशाच्या नव्हत, पांढऱ्या, मिठाचे पाणी सुकता राहते तैशा. पहिली तीन बोटे वर. दुसरी सहा बोटे वर. बाईंनी तीनदा मापिले. तिन्ही वेळा माप एकच आले.

त्या शनिवारी भर दुपारी फिलोमेन डोईवर टोपली घेऊन शाळेच्या ओटीवर येऊन बसली. बाईंनी पाणी दिले, तिने ते घेतले नाही.

"बाई, माझ्या पोरीनं काय गुन्हा केला?"

"फिलोमेन, काय म्हणतेस?"

"रोज पहिल्या घंटेला माझ्या ओसरीवर ओली पावलं उमटतात आणि शाळेच्या वाटेला लागतात. जाणारी दिसतात. येणारी आजवर एकदा दिसली नाहीत. तुमची शाळा सुटली की सगळ्यांची पोरं घरी येतात, माझी कुठं जाते?"

बाईंनी पाण्याचा तांब्या खाली ठेविला.

"तुम्ही बोलावता म्हणून येते ती. लहानपणापासून तशीच, बाईंनी हाक मारली की भाकर टाकून उठायची. वाटेवर आहे म्हणता, आणि वाटेवरच ठेवलीत तिला. सोडा की आता. पाय दुखत असतील तिचे."

"नाव काढले तर शाळा जाईल, फिलोमेन. एकोणचाळीस मुले रोज होडीत बसतील. त्या खाडीत."

फिलोमेनने पदराने तोंड पुसले. "ते मला कळतं बाई. माझ्याहून जास्त कोणाला कळेल? म्हणून तर अडीच वर्षं गप्प होते." ऐसे बोलून टोपली उचलिली आणि गेली.

बाईंनी इगर्जीत रविवारचा मिस्सा, म्हणजे उपासना, ऐकिला, त्यात काय वाचिले ते ध्यानी राहिले नाही. एक विचार मात्र ठरला. खोडण्याचा अधिकार पाद्रीसाहेबांचा, खरे; परंतु शाळा सोडल्याचा दाखला देण्याचा अधिकार हेडबाईंचा, आणि पाचवीतल्या मुलास तो मागता देता येतो. मग कोरा दाखला काढिला आणि लिहिले: नाव नातालीन. इयत्ता पाचवी. प्रगती बरी, गुणाकारात कच्ची. वर्तणूक चांगली. हजेरी पूर्ण. शाळा सोडण्याचे कारण, या रकान्यात लिहिले: घरी जाणे.

सोमवारी हजेरी सुरू झाली. नावे झाली आणि नातालीनचे नाव आले. वर्गाने तोंड उघडिले, "वाटेव..." बाईंनी हात वर केला, आणि सारी तोंडे मिटली, आणि बाहेर माडाची झावळीही हलेना. बाईंनी पुन्हा पुकारिले, "नातालीन."

"हजर," शेवटल्या बाकावरून उत्तर आले. आवाज लहान, ओला.

कोणी किंचाळले नाही. रुझायने फक्त पाय वर घेतले. बाई चालत बाकापाशी गेल्या आणि ओल्या टोकावर दाखला ठेविला.

"नातालीन, तुझी शाळा सुटली. इथून पुढे मी हाक मारणार नाही. घरी जा, आई वाट बघते."

रिवाज असा की दाखला घेणाऱ्याने "येते बाई" म्हणावे आणि वर्गाने उभे राहावे. वर्ग उभा राहिला. "येते बाई" हे शब्द दाराजवळून आले. बाक पाहता दाखला नव्हता, आणि फरशीवर ओली पावले दारापर्यंत, मग ओटीवर, मग मिठागरांच्या वाटेस. तडकलेली घंटा कोणी न वाजविता एकदा वाजली, सुटीची वाजते तैशी. दुपारी फिलोमेन आली, उंबऱ्यातच उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, ओसरीपर्यंत आली. आत वळली. दाखला देवाच्या फळीवर ठेवलाय." आणि बाईंचा हात आपल्या कपाळास लावून परत गेली.

पाद्रीसाहेब पट पाहून रागावले. "राज्य बुडविलेत, बाई! एका कागदाने!" मग दाखल्यावरील कारण बाईंनी पटावरही नावापुढे उतरिले होते ते वाचिले, घरी जाणे, आणि पुन्हा वाचिले, आणि त्याखाली सही केली.

तपासनीस आले. "पटावर किती?" "एकोणचाळीस." "गेल्या मासी तर चाळीस कळविली होती." "एक शाळा सोडून गेली." तपासनिसांनी डोकी मोजिली, एकोणचाळीस भरली, आणि आज्ञेप्रमाणे शाळा मोडली. आश्विनापासून मुले होडीने पलीकडे जाऊ लागली. ब्रिजीतबाई रोज सोबत जात, चढताना मोजीत, उतरताना मोजीत, आणि आकडा जुन्या पटाच्या कोऱ्या पानावर लिहीत.

सांत कातरीनचा सण आला. मिस्सा झाला, मुले खांबाशी उभी राहिली, रेघा ओढून झाल्या, आणि बाईंनी शेवटी काठी नातालीनच्या नावाशी लाविली.

तात्पर्य, मोजदाद येणेप्रमाणे. होडीचे दिवस एकेचाळीस. जाताना एकोणचाळीस, येताना एकोणचाळीस. खांबावर नातालीन, सन सव्वीस: दोन हात, एक वीत, सहा बोटे. सन सत्तावीस: दोन हात, एक वीत, सहा बोटे.