सोमवारी अडणारी बॅटरीगाडी

बिदर जिल्ह्यात माझ्या तोडीचा गुप्तहेर दुसरा नाही. हे मी नम्रपणे सांगतो, कारण बिदर जिल्ह्यात दुसरा गुप्तहेरच नाही. गुलबर्ग्याच्या कॉलेजातून तर्कशास्त्र घेऊन मी बी.ए. झालो, परीक्षकाचा तर्क आणि माझा तर्क जुळला नाही म्हणून तिसरा वर्ग आला. दारावर ‘अच्युतराव, खासगी शोधक’ अशी पाटी आहे. तिच्याखाली आमच्या सौभाग्यवतींनी, शारदाबाईंनी, खडूनं ‘पापड मिळतील’ असं लिहिलं आहे. येणारी माणसं कोणती पाटी वाचून येतात, हा शोध मी मुद्दाम लावलेला नाही.

अठ्ठ्याऐंशी सालच्या त्या मंगळवारी मात्र इंदिराबाई पापडासाठी आल्या नव्हत्या. गल्लीच्या टोकाला त्यांची बेकरी. हुमनाबादच्या हायवेवरच्या मोठ्या ढाब्याला पाव त्या पुरवतात, आणि त्यासाठी त्यांनी वर्षापूर्वी बॅटरीवर चालणारी तीनचाकी घेतली होती.

“अण्णा, गाडी निस्ती सोमवारीच अडायलीय. बाकीचे दिवस गुमान जाती. येत्या सोमवारी उशीर झाला तर पाव बिदरहून मागवतो म्हणायलाय ढाबेवाला. त्याच्या एकट्याच्या जिवावर माझी भट्टी पेटती.”

या गाडीबद्दल थोडं सांगायला हवं. ती विकणारा एजंट मे महिन्यात सूट घालून आला होता. शहाण्या माणसानं तिथंच ओळखायला हवं होतं. पेट्रोल नाही, ऑइल नाही, गिअर नाही, आवाज नाही, खर्च नाही, असं तो म्हणाला. वेग नाही आणि चढणं नाही, हे दोन नकार तेवढे सांगायचे राहिले. आसनाखाली एकीला एक जोडलेल्या बॅटऱ्या असतात; एक बसली की बैलजोडीसारख्या सगळ्याच बसतात. त्यांना वेळच्या वेळी डिस्टिल्ड वॉटर पाजायचं, टोकांवर चढलेला पांढरा थर धुवायचा, आणि रात्रभर घरच्या प्लगातून करंट भरायचा. हुमनाबादेत रात्रभर करंट असतो, ही अफवा त्या एजंटाच्या कानावर कुणी घातली कोण जाणे. दोन-तीन वर्षांनी बॅटऱ्या बदलायच्या, आणि त्यांची किंमत ऐकून मालकाला बसायला खुर्ची द्यायची. तेव्हा गाडीला खर्च नाही हे एजंटाचं म्हणणं खरंच आहे. खर्च सगळा मालकाला.

“शनिवारी रात्री पुरती भरता?” मी विचारलं.

“व्हय.”

“आणि रविवारी?”

“रविवारी भट्टी बंद. सगळं घर सकाळी विहारात जातंय वंदनेला. गाडी जागची हालत न्हाई. भरल्याल्या बॅटरीत आणि कामून भरू? जेवल्याल्या माणसाला पुन्हा पाटावर बसवायचं का?”

मी डोळे मिटले. विचार करताना गुप्तहेरानं डोळे मिटावेत. डुलकी लागली तरी मान राहतो.

पहिला संशय गुरुलिंग टांगेवाल्यावर. ही गाडी येण्याआधी पाव तोच पोचवायचा. शिवाय त्याच्या चाबकाला तार गुंडाळलेली होती, आणि तारेतून करंट वाहतो हे शास्त्र आहे. प्रश्न एवढाच, की चोरलेला करंट तो ठेवतो कुठं?

“घोड्यात,” मी त्याला तोंडावर सुनावलं.

“हात लावून बघा की साहेब.”

मी मागच्या बाजूनं हात लावला. त्यानंतर दोन दिवस मी उभ्यानं जेवलो. पण घोड्यात करंट आहे याबद्दल आता शंका नव्हती. फक्त तो इंदिराबाईंचा नव्हता, घोड्याचा स्वतःचा होता.

मग कळलं की गाडी दर सोमवारी नेमकी पेट्रोल पंपासमोर अडते. पंपवाल्यानं रस्त्याखाली लोहचुंबक पुरलं असणार! मी दोरीला खिळा बांधून भर दुपारी हायवेवर ओणवा फिरलो. एका लॉरीवाल्यानं गाडी थांबवून विचारलं, “क्या चाचा, चिल्लर गिरी क्या?”

पंपवाला पाहत होता. “अप्पा, इथं चढ हाय. पेट्रोलच्या गाड्यासुद्धा इथं धापा टाकायल्यात,” तो म्हणाला. गुन्हेगार किती साळसूदपणे बोलतात!

तिसरा सिद्धांत मी घरी मांडला. “गाडी सोमवारचा उपास करत असावी.”

शारदाबाई पापड लाटत होत्या. “मालकीण धरत न्हाई सोमवार, मग गाडी कामून धरायलीय?”

“बॅटरी कुठल्या गावची आहे, त्यावर ते अवलंबून आहे.”

“तुम्ही उन्हातून येऊन आधी पाणी पीत जावा,” त्या म्हणाल्या.

रविवार उजाडला. रविवारी सकाळी मी शोध बंद ठेवतो, कारण सिद्धलिंगप्पांकडं टीव्ही आहे. सिद्धलिंगप्पा अडतीचे व्यापारी. पौराणिक मालिका सुरू होण्याआधी गावात करंट जातो, हा नियम सूर्योदयापेक्षा पक्का; पण त्यांचा टीव्ही बंद पडत नाही. ही पुण्याई, असं ते सांगतात. टीव्हीला हार, पुढं उदबत्ती, ओसरीपर्यंत आवाज जावा म्हणून लग्नातला भोंगा, आणि पाहुण्यांसाठी मोटारीतला छोटा पंखा. मला पहिल्या रांगेत खुर्ची असते, आणि पाय टेकायला कापडानं झाकलेलं खोकं.

पडद्यावर बाण सुटला आणि इंदिराबाई दारात उभ्या राहिल्या. मेणबत्त्या घरी राहिल्या म्हणून त्या विहाराच्या वाटेवरून परतल्या होत्या, आणि अंगणात गाडीचं आसन त्यांना उघडं दिसलं होतं, आतली एक बॅटरी गायब. करंट गेलेल्या गल्लीत भोंगा तेवढा इथंच वाजत होता.

“अच्युतराव, पाय काढा.”

मी काढले. त्यांनी कापड ओढलं. खाली त्यांची बॅटरी होती. तिला हळदकुंकू लावलं होतं.

“अक्का, राग धरू नका,” सिद्धलिंगप्पा म्हणाले. “देवाचं काम हाय. तुम्ही यायच्या आत पुसून जागेवर ठेवतो आम्ही.”

“इचारून न्यायचं की.”

“तुमच्या घरी इचारायला कसं यायचं?”

“बॅटरी न्यायला कसं आलात?”

सिद्धलिंगप्पा टीव्हीचा हार सारखा करू लागले. इंदिराबाईंच्या घरचा पाण्याचा तांब्या या गल्लीतल्या कुणी कधी हातात घेतला नव्हता. त्यांच्या घरच्या करंटानं मात्र कुणालाच विटाळ झालेला दिसत नव्हता. मी स्वतः या विषयावर भाषणं करतो, त्यामुळं मला तांब्या हातात घ्यायला सवड झाली नव्हती.

“पाच मिनिटं थांबा अक्का, बाण लागायलाच आलाय,” मागून कुणीतरी म्हणालं.

इंदिराबाईंनी बॅटरीला लावलेले तारांचे चिमटे काढले. पडद्याचा ठिपका झाला, मग ठिपकाही गेला. सगळे माझ्याकडं बघू लागले.

“मला पहिल्यापासून इथलाच संशय होता,” मी म्हणालो. “म्हणून तर दर रविवारी येऊन बसत होतो.”

“व्हय,” बायकांतून शारदाबाईंचा आवाज आला, “चोरीच्या मालावर पाय ठेवून.”

त्या रात्री इंदिराबाईंनी बॅटरी पुन्हा भरली. सोमवारी गाडी पंपासमोरचा चढ चढून गेली, पाव ऊन-ऊनच ढाब्यावर पोचले आणि काम त्यांच्याकडंच राहिलं. आसनाला आता कुलूप असतं. सिद्धलिंगप्पांचा टीव्ही हल्ली त्यांच्याच ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चालतो. सोमवारी सकाळी तो ट्रॅक्टर ढकलावा लागतो. ढकलणाऱ्यांत मी असतो.